काम चालू आहे

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आलेली बाकीची मंडळी आधी गॅलरीत गेली. वारा येतो का, खाडी दिसते का, पार्किंग कुठे मिळालं, हे सगळं रीतसर विचारून मग पंगतीला बसली. आप्पाकाका मात्र चपला काढून थेट हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले, मधल्या बोटाचं पेर वाकवून त्यांनी तीन ठिकाणी टकटक केली आणि भिंतीला कान लावला. होमापाशी बसलेले गुरुजी एक आहुती चुकले.

“बद्द,” काका म्हणाले.

मग खिशातून रुपयाचं नाणं काढून खिडकीखालच्या कोपऱ्यातला नवाकोरा रंग त्यांनी नखभर खरवडला, भुकटीचा वास घेतला आणि सोवळं नेसून पाटावर बसलेल्या मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात निदान सांगितलं, “लोणा येणार. दोन पावसाळे. फार तर तीन.”

आई म्हणाली, “भावोजी, शिरा घ्या.”

लोणा दुसऱ्याच पावसाळ्यात आला. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. ते येणार असले की त्या कोपऱ्यात आम्ही मनीप्लांटची कुंडी सरकवतो. तरी मागच्या वेळी ते कुंडीकडे बघून जरा जास्तच प्रेमळ हसले होते.

जुनं घर पुन्हा उभं करायला घेतलेला असा एक माणूस बहुतेक घराण्यांत असतो. कुणाचा मामा वाईकडच्या वाड्याचा दिंडीदरवाजा दुरुस्त करत असतो, कुणाची आत्या पेणजवळ आजोळच्या घराची कौलं फेरते आहे. त्यांच्याशी बोलताना एकच पथ्य पाळायचं. ‘कधी होणार पूर्ण?’ असं विचारायचं नाही. आमच्याकडे हा प्रश्न विचारणाऱ्या एका जावयाला काकांनी दीड तास चुना चाळायला लावला होता.

२०२० च्या मे अखेरीपर्यंत आप्पाकाका चारचौघांसारखे होते. विम्यात आयुष्य काढलेला, निवृत्त झालेला, डोंबिवलीत संध्याकाळी बाकावर बसणारा माणूस. श्रीवर्धनच्या बाजूला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, कौलांचं छप्पर, ओटी, पडवी, माजघर, वर माळा, आणि दाराच्या गणेशपट्टीवर कोरलेलं ‘शके १८३१’. म्हणजे १९०९. सातबारावर अकरा नावं आणि राहायला कुणी नाही, अशी कोकणातल्या घरांची जी सर्वसाधारण तब्येत असते ती याचीही होती. गणपतीत पाच दिवस आणि मे महिन्यात आंबे संपेपर्यंत एवढंच ते उघडायचं.

३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. वाडीतल्या पोफळी काडेपेटी उपडी करावी तशा एकमेकींवर पडल्या. वीज गेली, फोन गेले. चौथ्या दिवशी शेजारच्या बापूंनी कुठल्याशा टेकडीवर चढून रेंज मिळवली आणि काकांना एकच वाक्य सांगितलं, “आप्पा, तुमच्या माजघरातनं आभाळ दिसतंय.”

टाळेबंदीत ई-पास काढून काका गेले ते ‘पंधरा दिवसांत पत्रे टाकून येतो’ असं सांगून. पत्र्यांसाठी तेव्हा सगळी पंचक्रोशी धावत होती. काकाही रांगेत उभे राहिले. पण रांगेतून त्यांना समोरच्या नारळाला मफलरीसारखा गुंडाळलेला कुणाच्या तरी घराचा पत्रा दिसला. रांगेत मागे असलेले लोक सांगतात की काका बराच वेळ त्या नारळाकडे बघत राहिले, मग पुढच्या माणसाला म्हणाले, “तुम्ही घ्या माझा नंबर,” आणि घरी गेले. पंधरा दिवसांसाठी गेलेला माणूस अजून परतलेला नाही. डोंबिवलीची जागा त्यांनी भाड्याने दिली. काकूही गेली. काकू म्हणजे आमच्या घराण्यातली सहनशक्तीची अधिकृत मोजपट्टी.

तेव्हापासून काकांच्या बोलण्यात एक वाक्य आलं. “निसर्गाने सांगितलंय.” पडवीचं छप्पर बुटकं का, तर निसर्गाने सांगितलंय. खिडक्यांना आतून आडणे का, तर निसर्गाने सांगितलंय. नवीन माणसाला वाटतं की काय हा वृक्षवल्लीशी एकरूप झालेला महात्मा! आम्हाला ठाऊक असतं की ते वादळाबद्दल बोलत आहेत. त्या वादळाला हे नाव बांगलादेशाने सुचवलं होतं. पण ते काकांसाठीच सुचवलं असावं इतकं त्यांना उपयोगी पडलंय.

निसर्गाने नेमकं काय सांगितलं हे समजून घ्यायचं असेल तर आपली छत्री काकांच्या हाती द्यावी लागते. शक्यतो जुनी द्यावी. काका ती ओटीवर उघडतात, वाऱ्याच्या तोंडाशी धरतात आणि जराशी वर करतात. छत्री फाडकन उलटी होते. “बघितलंस? ढकललं का कुणी? नाही. उचललं! वारा छप्पर दाबत नाही बाबा, उपटतो. वरून ओढतो आणि उघड्या दारातून आत शिरून खालून रेटतो. आपले लोक छपराला वजन देतात. दगड ठेवतात, वाळूची पोती ठेवतात. छपराला वजन नको, वेसण हवी.”

ही वेसण म्हणजे काकांच्या घराचा आत्मा. कौल रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई भिंतीला आणि भिंत जोत्याला, अशी प्रत्येक वस्तू खालच्या वस्तूला बांधलेली. जस्त चढवलेल्या पट्ट्या, समुद्राच्या खाऱ्या हवेला टिकणारे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, कडेच्या आणि आढ्यालगतच्या कौलांना तांब्याची तार. पूर्वीचं छप्पर दुपाखी होतं. बाजूच्या उंच त्रिकोणी भिंतींवर वारा सरळ येऊन आदळायचा. आता ते चौपाखी आहे, वाऱ्याला धरायला कोपरा नाही. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून मुद्दाम वेगळं ठेवलंय. वादळ आलंच तर पडवी जाईल, तिच्या मागोमाग घर जाणार नाही. हे सांगताना काका पडवीच्या खांबावरून असा हात फिरवतात की सैन्यात पाठवलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतोय असं वाटावं.

या एका प्रात्यक्षिकात माझ्या माहितीप्रमाणे आजवर नऊ छत्र्या गेल्या. दहावी काकूची होती. त्यानंतर आठवडाभर प्रात्यक्षिकं बंद होती.

कौलांबद्दल काका हळवे आहेत. नवीन कौल त्यांना पसंत नाही. ‘भाजणी कच्ची’ हा त्यांचा शेरा ते कौलाबद्दल मारतात, आणि कधी कधी माझ्या मुलाच्या बायोडेटाबद्दलही. जुनी कौलं मिळवायची तर जुनं घर पाडलं गेलं पाहिजे. त्यामुळे आसपास कुठे घर पाडायला काढलंय असं कळलं की काका मयताला जावं तसे जातात. पांढरा सदरा घालतात. ओटीवर गप्प बसतात. घरमालकाचं ऐकून घेतात, “काय करणार, मुलं ऐकत नाहीत,” यावर मान हलवतात आणि मग योग्य वेळी खाली मान घालून विचारतात, “कौलांचं काय ठरवलंय?” अशा सव्वीसशे कौलांतल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः बोटाने वाजवलंय. खणखणीत वाजलं ते उजवीकडे, बद्द वाजलं ते डावीकडे. डावीकडच्यांचा चुरा करून चुन्यात घातला. बाद झालेल्यालाही कामाला लावायचं, हा त्यांचा स्वभावच आहे. माझ्या एका बेकार चुलतभावाला त्यांनी दोन महिने लेव्हल धरायला ठेवला होता.

एकदा मी त्यांना डिवचलं. म्हटलं, “काका, तुम्ही परंपरा परंपरा म्हणता, पण ही मंगलोरी कौलं तर जर्मन-स्विस मिशनऱ्यांची. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला. त्याआधी आपल्याकडे नळ्याची कौलं नाहीतर गवत. म्हणजे पणजोबांनी घर बांधलं तेव्हा ही फॅशनच होती की!”

काका माळ्यावर गेले. खाली आले ते धोतराच्या पानात गुंडाळलेलं एक कौल घेऊन. उलटं करून दाखवलं, मागे त्याच कारखान्याचा ठसा. “मला माहीत नाही असं वाटलं तुला? फॅशन होती, पण टिकाऊ होती. तुझ्या फ्लॅटचं काय टिकलं ते सांग.” मी मनीप्लांटच्या कुंडीचा विचार करून गप्प बसलो.

पण कौलं, वासे, पट्ट्या हे सगळं एकीकडे आणि चुना एकीकडे. काकांच्या आयुष्यात चुना उशिरा आला आणि उशिरा आलेल्या अपत्यासारखा लाडावला. मागच्या अंगणात त्यांनी हौद बांधून घेतला, भाजलेल्या शिंपल्यांचा चुना त्यात विरवला आणि वर पाणी ठेवून तो मुरवत ठेवला. चुना जितका मुरेल तितका मऊ, एवढं कळल्यावर त्यांनी तो मुरू द्यायलाच सुरुवात केली. आमच्या ग्रुपवर ‘सुप्रभात’च्या ऐवजी हौदाचे फोटो यायला लागले. ‘आज तीन महिने पूर्ण.’ ‘आज साय छान धरली आहे.’ पुण्याच्या वहिनीने चष्मा न लावता एकदा ‘अभिनंदन, बाळ-बाळंतीण सुखरूप?’ असं उत्तर पाठवलं. काकांनी ‘हो’ म्हणून कळवलं.

चुन्याचा विषय निघाला की काका हातातलं काम ठेवतात. “हे बघ. शिंपला भाजला की त्यातला वायू उडून जातो, उरतो तो कळीचा चुना. पाणी घातलं की फुलतो. भिंतीवर चढला की गेलेला वायू हवेतून परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे आपली भिंत श्वास घेते, कळलं? जांभा सच्छिद्र. पाणी पिणारच. पिऊ दे ना! पण प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाट ठेव. तुम्ही वरून सिमेंटचा गिलावा मारता, त्यावर ऑइलपेंट. भिंतीला रेनकोट घातलात, पण पाणी आत राहिलं. मग लोणा नाही येणार तर काय येणार?” वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळणाऱ्या मुलखात हे बोलणं खोटं म्हणता येत नाही. फक्त ते जेवणाच्या पानावर, दर पानावर, ऐकावं लागतं.

चुन्यात घालायला गूळ आणि हिरड्याचं पाणी लागतं. त्यासाठी काकांनी मागीलदारी चार पिंपं काळा गूळ भिजत घातला. पाचव्या दिवशी पिंपं फसफसायला लागली. आठव्या दिवशी वास वरच्या आळीपर्यंत गेला. नवव्या दिवशी पोलीस पाटील आले. बिचाऱ्यांनी फार अदबीने विचारलं, की आप्पा, वय झालंय, हे धंदे कशाला? काकांना आनंद झाला. इतक्या दिवसांनी कुणी स्वतःहून विचारत होतं! गुळाने चुना कसा चिवट होतो, हिरड्याने कसा बांधला जातो, घाणीत मळलेल्या चुन्यावर किल्ले कसे उभे राहिले, सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात ते का, असं सव्वा तास चाललं. मग काकांनी पाटलांच्या हातात फावडं दिलं. पाटील नंतर बापूंना म्हणाले म्हणे, “त्यापेक्षा दारू गाळत असते तर बरं झालं असतं. पंचनामा करून सुटलो असतो.”

काकांचं दुसरं दैवत लॉरी बेकर. केरळात स्वस्त आणि देखणी घरं बांधणारा हा इंग्रज माणूस सांगायचा की गांधीजींनी त्याला म्हटलं होतं, आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंतून बांधावं. काकांनी हे वाचलं आणि माझ्या मुलाचा कंपास मागवून घेतला. तालुक्याच्या नकाशावर घराला केंद्र धरून पाच मैलांचं वर्तुळ काढलं. निम्मं वर्तुळ समुद्रात गेलं. उरलेल्या अर्ध्यात जांभ्याची खाण होती, शिंपले होते, ऐन-किंजळ होता, फणस होता, बांबू होता. स्टेनलेसचे स्क्रू मात्र वर्तुळात कुठेच बसेनात. दोन दिवस विचार करून काकांनी वर्तुळ पुसलं आणि त्याच केंद्रातून दुसरं काढलं, त्यात मुंबई आली. “तत्त्व पाच मैलांचंच आहे,” त्यांनी मला बजावलं, “मैल जरा मोठे धरलेत.”

ऐन-फणसाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल द्यायचं असतं. होड्यांना देतात. हे तेल कातडीला लागलं तर फोड येतात, हे गवंडीबाबांनी तीनदा सांगितलं होतं. पण काका स्वतः हात घातल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत. पुढचे दहा दिवस काकू त्यांना भरवत होती. घास तोंडात असल्यामुळे घरात शांतता होती. तेवढे दहा दिवस काम वेगाने झालं, असं गवंडीबाबा खासगीत सांगतात.

गवंडीबाबांचं वय काकांहून चार वर्षांनी जास्त. चुन्याचं काम येणारा त्या पट्ट्यातला बहुधा शेवटचा हात. काकांनी त्यांना शोधून काढलं तेव्हा ते नातवाच्या सिमेंटच्या दुकानात गल्ल्यावर बसलेले होते. “आता हात बसत नाय आप्पा,” म्हणाले, पण आले. ते दोघं भिंतीसमोर उभे राहिले की बघण्यासारखं असतं. थापी मारायच्या आधी पाच मिनिटं दोघंही नुसते बघतात. मग गवंडीबाबा म्हणतात, “उद्या.” काका म्हणतात, “उद्याच.” चहा होतो. घाई केली की सिमेंट लागतं, हे काकांचं आवडतं वाक्य. ‘सिमेंट’ हा शब्द ते या एका वाक्यात तेवढा उच्चारतात, एरवी ‘ती पावडर’.

काकूचा मुद्दा साधा होता. तिला आत न्हाणीघर आणि कमोड हवा होता. काका म्हणाले, घराच्या मूळ आराखड्यात न्हाणी बाहेर आहे. काकू म्हणाली, मूळ आराखड्यात माझे गुडघेही चांगले होते. काकांनी शंभर वर्षांच्या हिशोबाचा कागद काढला. प्रत्येक वस्तूची किंमत भागिले शंभर, दर साल दर शेकडा, नोकरीतला हात अजून बसलेला होता. काकूने कागद वाचला, घडी करून डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, “अहो, शंभर वर्षं घराची. माझ्या दहा-पंधरांचं काय ते सांगा.” दुसऱ्या दिवशी माजघराच्या मागच्या खोलीत नळाची खोदाई सुरू झाली. त्या न्हाणीघराला चकचकीत गुळगुळीत फरशा आहेत. घर दाखवताना काका त्या दारावरून जरा वेगाने पुढे जातात. आलेली मंडळी मात्र सगळ्यात जास्त वेळ तिथेच रमतात.

आता मे २०२१ मधल्या रात्रीबद्दल सांगितलं पाहिजे, जरी काका ते सांगत नाहीत. निसर्गाला वर्ष व्हायच्या आतच तौक्ते आलं. ते गुजरातकडे निघालेलं, किनाऱ्यापासून बाहेरून गेलं, पण जाता जाता कोकणाला झोडपून गेलं. आमचं घर तेव्हा अर्धं छपराचं आणि अर्धं ताडपत्रीचं होतं. संध्याकाळी ताडपत्रीने नारळाच्या झावळ्यांच्या वरचा सूर लावला. बापू बॅटरी घेऊन आले आणि म्हणाले, “चला आमच्याकडे.” बापूंचं घर म्हणजे स्लॅबचं. बारा वर्षांपूर्वी त्यांनी जुनं घर पाडून ते बांधलं, आणि काका येता-जाता त्या स्लॅबच्या कडेला फुटलेल्या भेगा त्यांना दाखवत आले होते. “खाऱ्या हवेने आतली सळी गंजते बापू. गंजलेलं लोखंड फुगतं. फुगलं की सिमेंटला फोडून बाहेर येतं. तुमची सळी बाहेर डोकवायला लागलीय बघा.” खरंच होतं ते. पण त्या रात्री काका, काकू, गवंडीबाबा आणि पिंपभर चुना बापूंच्या स्लॅबखाली सुखरूप होते.

काकू सांगते की काका रात्रभर बसून होते. पहाटे वारा पडला तेव्हा उठून बापूंच्या भिंतीपाशी गेले, पेर वाकवून टकटक केली आणि म्हणाले, “बापू, हे बांधलंय मात्र चांगलं.” बापूंनी बारा वर्षं हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं.

त्यानंतर आमच्या घराच्या भिंतींच्या माथ्यावर, वाशांच्या खाली, चारी बाजूंनी एक पट्टा आला. घर एकत्र धरून ठेवणारा. त्यात गंज चढू नये म्हणून लोखंडाऐवजी ग्लास फायबरच्या सळया आहेत, हे काका सगळ्यांना सांगतात. सळया कशात बसवल्यात, हे विचारलं की त्यांना खोकला येतो. गवंडीबाबा दुसरीकडे बघतात. मी फार खोदून विचारल्यावर एकदा कानाशी येऊन म्हणाले, “पावडर. थोडीच. निसर्गाने सांगितलं.”

आणि मग ती रोजकीर्दीची वही सापडली. माळा झाडताना, घुशीने एक कोपरा खाल्लेली, लाल कापडाच्या बांधणीची. आजोबांच्या हातची, १९५७ सालची. काकांच्या मते आजोबा म्हणजे जुन्या शहाणपणाचा शेवटचा माणूस. त्यांच्यानंतरच सगळं बिघडलं. काकांनी आम्हा सगळ्यांना ओटीवर बसवलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. सुपारीचा भाव, गड्यांची मजुरी, आत्याच्या लग्नाचं देणं. मग त्यांचा आवाज बसला. मी मान लांब करून बघितलं. ‘मागील पडवीकरिता सिमेंट पोती ६.’ तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होतं, परवान्याशिवाय मिळत नसे. आजोबांनी त्यासाठी तालुक्याला तीन खेपा घातल्या होत्या, तिन्हींचं गाडीभाडं मांडलेलं होतं. आणि खाली, त्यांच्या त्या सुबक अक्षरात, हिशोबाच्या वहीत सहसा लिहीत नाहीत असा शेरा, ‘चुन्याची कटकट एकदाची गेली.’

कुणी हसलं नाही. म्हणजे आम्ही सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशेला बघितलं. काकूने चहा टाकते म्हणून आत जाऊन बराच वेळ भांडी वाजवली.

काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. “घाईत असतील रे.”

“काका, तीन खेपा घातल्या त्यांनी. परवान्यासाठी.”

बराच वेळ काही नाही. मागे थापीचा आवाज येत होता. मग म्हणाले, “मागची पडवी ना? वादळात पहिली तीच गेली,” आणि फोन ठेवला. आजोबांची वही आता देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात आहे, पण ते पान उघडतं राहील अशी. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

घर पूर्ण झालं आहे असं मी म्हणणार नाही. माळ्याची एक बाजू बाकी आहे, पश्चिमेच्या भिंतीला शेवटचा हात ‘पाऊस गेला की’ द्यायचा आहे आणि दाराबाहेर खडूने ‘काम चालू आहे’ लिहिलेली फळी अजून टांगलेली आहे. पण या वर्षी गणपतीला आम्ही तेवीस जण तिथे होतो. अकराही नावांच्या घरातलं कुणी ना कुणी आलं. पुण्याच्या वहिनीने हौद बघितला, म्हणाली, अगंबाई, हा होय तो! बापू आरतीला आले ते मुद्दाम भिंतीला पेराने टकटक करून. “खणखणीत,” म्हणाले. काका लाजले. आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं मी त्यांना लाजताना.

रात्री माजघरात सारवलेल्या जमिनीवर ओळीने अंथरुणं पडली. दोनच्या सुमाराला पाऊस आला. कौलांवरचा पाऊस मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. तो आधी लांबून, पोफळींवरून चालत येतो आणि मग एकदम घरभर होतो. मी उताणा पडून ऐकत होतो, एवढ्यात माझ्या पोटरीवर पाय पडला.

काका होते. बनियन, पंचा, हातात बॅटरी. झोपलेल्या माणसांतून वाट काढत, मान वर करून, वाशावाशाने चालले होते.

“झोप, झोप,” पुटपुटले. “नुसतं बघतोय.”

मी उठून बसलो. बॅटरीचा उजेड आढ्यावरून सरकत कोपऱ्यात गेला, परत आला. सगळं कोरडं होतं. तिसऱ्या खणापाशी काका थांबले. त्यांनी बॅटरी बंद केली आणि डोकं जरासं कलतं करून उभे राहिले.

टप्.

पुन्हा बराच वेळ काही नाही. मग, टप्. वहिनीच्या उशीपासून वीतभर अंतरावर.

“ऐकलंस?” अंधारात त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. “एकच कौल. सरकलंय. उद्या शिडी लावावी लागणार, खालून कुणीतरी धरायला हवं.” त्यांनी कोपऱ्यातला तांब्या आणून ठेवला, नेमका थेंबाखाली, पहिल्याच प्रयत्नात. मग माझ्याजवळ उकिडवे बसले. “तू आहेस ना सोमवारपर्यंत?”